नौकेच्या पोटातील फळी

शिडाची नौका वाऱ्याच्या दिशेने जाते, हे सांगावयास कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. वाऱ्याच्या तोंडाशी तिरपे राहून पुढे सरकणे, ही मात्र नौकानयनातील खरी विद्या होय. वारा शिडाला केवळ पुढे रेटीत नाही. तो तिला बाजूलाही लोटतो. हे बाजूला वाहवणे थांबवावयाचे, तर नौकेचा काही भाग पाण्यात खोल गेलेला असला पाहिजे. या खोल गेलेल्या भागाला, म्हणजे नौकेच्या कण्याला, कोकणातील सुतार पठाण म्हणतात. पठाण जितका खोल, तितकी नौका वाऱ्याशी झुंजण्यास समर्थ. पण तितकीच ती खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर अडकून बसण्यासही तयार! खोल पाण्यात जो गुण, तोच उथळ पाण्यात अवगुण ठरतो. या एका अडचणीपायी मनुष्याने किती युक्त्या शोधल्या, त्या कशा मोडल्या आणि मोडल्यावर कशा सांधल्या, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

यातील सर्वांत जुन्या युक्त्या विद्वानांच्या नव्हेत, कोळ्यांच्या आहेत. डच लोकांचा किनारा उथळ. त्यांनी नौकेच्या दोन्ही अंगांना पंख्यासारख्या दोन रुंद फळ्या टांगल्या. ज्या बाजूला नौका वाहवत असेल, त्या बाजूची फळी पाण्यात सोडावयाची व दुसरी वर ओढून ठेवावयाची. आपल्या पूर्व किनाऱ्यावरील कट्टुमरम् वल्हविणारा कोळी ओंडक्यांच्या कडेशी एक फळी पाण्यात उभी धरून तेच काम साधतो. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर बाल्सा लाकडाच्या तराफ्यांत ओंडक्यांच्या फटींतून अनेक फळ्या खाली खोवीत आणि पुढची फळी उचलून वा मागची दाबून, सुकाणूवाचून तराफा हवा तसा वळवीत. या फळ्यांना तेथे 'ग्वारा' म्हणतात. हुआन व उयोआ या स्पॅनिश नौदल अधिकाऱ्यांनी १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले होते. तरीही १९४७ साली थोर हायरडाल आपला 'कोन-टिकी' तराफा घेऊन पॅसिफिक महासागर ओलांडावयास निघाला, तेव्हा या फळ्यांचे मर्म त्याला पुरते कळले नव्हते. ते त्याने पुढे १९५३ साली एक्वादोरच्या किनाऱ्यावर प्रयोग करून पाहिले. पुस्तकात छापलेले ज्ञान हाताला यावयास दोनशे वर्षे लागावीत, याचे नवल वाटते. पण हस्तकौशल्याच्या बाबतीत असे वारंवार घडते.

युरोपीय आरमारात ही कल्पना आणली ती जॉन शँक या स्कॉटिश अधिकाऱ्याने. हा गृहस्थ स्कॉटलंडमधील फाइफ प्रांताचा. त्याला यंत्रांचे वेड असे होते की, त्याने आपल्या निजण्याच्या खाटेलाच कप्प्या बसविल्या होत्या आणि अंथरुणात पडल्या पडल्या दोर ओढून तो ती खाली-वर करीत असे. यावरून सोबत्यांनी त्याला 'ओल्ड पर्चेस' असे टोपणनाव दिले. ओझे उचलण्याच्या कप्पी-दोराच्या जोडणीला इंग्रज खलाशी 'पर्चेस' म्हणतात. जो माणूस आपली खाट दोराने उचलतो, त्याला नौकेचा कणाही दोराने उचलता येईल असे सुचावे, यात आश्चर्य ते काय? १७७४ साली अमेरिकेत बोस्टन येथे असताना शँकने लॉर्ड पर्सी या सरदारासाठी एक होडी बांधली. तिच्या तळाला लांबट फट ठेवून तीतून एक उभी फळी खाली-वर सरकेल अशी योजना त्याने केली. उथळ पाणी आले की फळी वर घ्यावी, खोल पाणी लागले की खाली सोडावी. पुढे दोनच वर्षांनी, १७७६ साली, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात शँप्लेन सरोवरावर 'इन्फ्लेक्सिबल' नावाचे जहाज अल्पावधीत जोडून उभे करण्याच्या कामावर हाच शँक होता. तेव्हा त्याला निव्वळ कल्पनेच्या भराऱ्या मारणारा म्हणता यावयाचे नाही.

१७९० साली प्लिमथ येथे 'ट्रायल' ही तीन सरकत्या पठाणांची नौका बांधली गेली. एकाऐवजी तीन फळ्या कशासाठी, असा प्रश्न सहज उद्भवतो. एक फळी नाळेकडे, एक मध्यभागी व एक सुकाणूकडे असली म्हणजे नौका केवळ तग धरीत नाही, तर तिचे वळणेही फळ्यांच्या स्वाधीन होते. नाळेकडची फळी खाली सोडली की नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळण्यास मदत होते. वारा पाठीमागून असता मागची फळी सोडली की ती सरळ रेषेत धावते. दक्षिण अमेरिकेतील तराफेवाल्याचे तेच तंत्र येथे इंग्रज सुतारांच्या पेटीत येऊन बसले होते. प्रत्येक फळीसाठी तळापासून वर डेकपर्यंत एक जलाभेद्य लाकडी पेटी उभारावी लागे. कारण तळाला फट पाडली की समुद्र आत येणारच, आणि त्याला त्या पेटीतच कोंडून ठेवले पाहिजे. या पेटीवर नौकेचे आणि माणसांचे प्राण अवलंबून असत.

या योजनेची खरी कसोटी लागली ती 'लेडी नेल्सन' या जहाजावर. १७९८ साली डेटफर्ड येथे ते पाण्यात सोडले गेले. भार अवघा ६० टन, लांबी ५२ फूट ६ इंच, रुंदी १७ फूट ६ इंच. फळ्या वर घेतल्या म्हणजे त्याला सुमारे ६ फूट पाणी पुरे. सामान भरल्यावर मध्यभागी त्याचा काठ पाण्यापासून जेमतेम २ फूट ९ इंच उरे. असले हे खेळणे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या अज्ञात किनाऱ्याचे सर्वेक्षण करण्यासाठी पाठवावयाचे ठरले, तेव्हा पोर्ट्समथच्या गोदीतील टवाळांनी त्याचे नाव 'राजेसाहेबांची चकमकीची डबी' असे ठेवले. त्याचा कप्तान लेफ्टनंट जेम्स ग्रँट यालाही ते प्रथम पाहताना त्याच्या लहानपणाचे आश्चर्य वाटले होते. परंतु अनोळखी किनाऱ्यावर खाडीखाडीत शिरावयाचे, तर थोरले जहाज काय कामाचे? शँकची फळी नेमकी त्याच कामासाठी होती.

१८ मार्च १८०० रोजी 'लेडी नेल्सन'ने पोर्ट्समथ सोडले. जुलैमध्ये ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकास केपला पोहोचले. बास व फ्लिंडर्स यांनी १७९८-९९ साली टास्मानियाला प्रदक्षिणा घालून मुख्य भूमी व ते बेट यांच्या दरम्यान सामुद्रधुनी असल्याचे सिद्ध केले होते. ही बातमी व त्याच मार्गाने जाण्याचा हुकूम ग्रँटला केप येथे मिळाला. ३ डिसेंबर १८०० रोजी त्याला ऑस्ट्रेलियाची भूमी दिसली. समोर दोन डोंगर व दोन भूशिरे होती. त्यांपैकी एका डोंगराला त्याने माउंट शँक हे नाव दिले आणि एका भूशिराला केप नॉर्थम्बरलँड. बोस्टनमध्ये ज्याच्यासाठी पहिली होडी बांधली गेली, तो लॉर्ड पर्सी एव्हाना नॉर्थम्बरलँडचा ड्यूक झाला होता. होडी करणारा आणि करविणारा असे दोघेही अशा रीतीने त्या किनाऱ्यावर शेजारी शेजारी नांदत आहेत. नकाशावरील नावे बहुधा मंत्र्यांची व सरदारांची असतात. सुतारकामाच्या एका कल्पनेची आठवण एखाद्या डोंगराच्या वाट्याला क्वचितच येते. त्यानंतर बास सामुद्रधुनी पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करणारे पहिले जहाज म्हणून 'लेडी नेल्सन' १६ डिसेंबरला सिडनीच्या बंदरात दाखल झाले.

१८०२ च्या फेब्रुवारीत जॉन मरे या नव्या कप्तानाच्या हाताखाली हेच जहाज पोर्ट फिलिप उपसागरात शिरले. ज्याच्या काठी पुढे मेलबर्न शहर वसले, तोच हा उपसागर. त्याचे मुख अरुंद आणि प्रवाह भयंकर. आत शिरल्यावर ठिकठिकाणी वाळूचे उथळ पट्टे. लहान नौका आणि उचलता येणाऱ्या फळ्या यांचे चीज अशा जागी झाले.

त्याच वर्षी मात्र या योजनेचे दुखणेही उघडे पडले. मॅथ्यू फ्लिंडर्स 'इन्व्हेस्टिगेटर' जहाज घेऊन जुलै १८०२ मध्ये सिडनीहून उत्तरेकडे निघाला, तेव्हा 'लेडी नेल्सन' त्याच्या सोबतीला देण्यात आले. मोठे जहाज दूर उभे राहील आणि लहान जहाज प्रवाळांच्या खडकांतून वाट शोधील, तसेच मोठ्याला अपघात झाला तर लहान जहाज माणसे वाचवील, असा बेत होता. पण सरळ खाली-वर सरकणाऱ्या फळीत एक जन्मजात दोष आहे. ती खाली सोडलेली असता तळाला वाळू वा खडक लागला, तर तिला मागे हटता येत नाही. पेटीच्या दोन भिंतींत ती ताठ उभी असते. जहाज पुढे चाललेले, फळी जागीच अडलेली. मग एक तर फळी मोडते, नाही तर पेटी फाटते. पेटी फाटणे हे अधिक घातक, कारण मग पाणी थेट जहाजाच्या पोटात येते. फळी किंचित वाकली तरी ती पेटीत अडकते व वर येत नाही. आणि वर आली नाही की उथळ पाण्याची नौका उथळ पाण्यातच निरुपयोगी ठरते. 'लेडी नेल्सन'ने त्या प्रवासात आपली मधली मुख्य फळी गमावली आणि मागच्या फळीचाही काही भाग. वारा समोरून आला की बिचारे जहाज खेकड्यासारखे आडवे वाहवत जाई. ज्याने दुसऱ्याला वाचवावे, त्यालाच वाचविण्याची पाळी येणार, असे फ्लिंडर्सला दिसू लागले. ऑक्टोबर १८०२ मध्ये त्याने त्याला सिडनीकडे परत धाडले आणि त्या दुर्घट किनाऱ्यावर पुढे तो एकटाच गेला. काही हात लाकडाचे नुकसान एवढ्या मोठ्या मोहिमेचा आराखडा बदलून टाकते, ते असे.

या दोषावरचा उपाय तसा सोपा होता. फळी सरळ खाली सरकविण्याऐवजी तिच्या पुढच्या कोपऱ्यात एक खीळ बसवावी आणि दाराच्या बिजागरीप्रमाणे तिला त्या खिळीभोवती फिरू द्यावे. मागच्या कोपऱ्याला दोर बांधावा. दोर सैल सोडला की फळी स्वतःच्या भाराने खाली लोंबते. ओढला की पेटीत येऊन निजते. तळाला खडक लागला तर फळी मोडत नाही, मागे व वर झुलते आणि दोर एकाएकी ढिला पडून तांडेलाला सूचनाही मिळते. शल्डम नावाचा एक इंग्रज नौदल अधिकारी नेपोलियनच्या युद्धात फ्रेंचांच्या हाती सापडून व्हर्डन येथे कैदेत होता. त्याने १८०९ साली अशा फिरत्या फळीची योजना आखली असे सांगतात. समुद्रापासून इतक्या दूर, कैदेच्या भिंतीआड! दोन वर्षांनी, १० एप्रिल १८११ रोजी, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या केप मे भागातील जॅकॉक्स, हेन्री व जोशुआ या स्वेन मंडळींनी तळातून जाणाऱ्या अशाच फळीचे पेटंट मिळविले. त्यांना शल्डमची वार्ता असण्याचा संभव नाही. गरज सारखी असली की उत्तर दोन ठिकाणी सापडते.

पुढील शतकभर अमेरिकेने ही फळी अक्षरशः डोक्यावर घेतली. पूर्व किनाऱ्यावरील उथळ खाड्या, कालवे काढणाऱ्या कोळ्यांच्या होड्या, ग्रेट लेक्सवर धान्य व लाकूड वाहणारी दोन-तीन डोलकाठ्यांची गलबते, या सर्वांत ती बसली. मोठ्या गलबतांच्या बाबतीत सुतारांपुढे एक पेच होता. मधोमध फट पाडावयाची तर पठाणाचे मुख्य लाकूडच चिरावे लागते आणि जहाजाचा कणा दुबळा होतो. म्हणून कित्येकांनी फट पठाणाच्या एका बाजूला पाडून कणा अभंग ठेवला. फळी मध्यभागी नसते तरी समुद्राला त्याची फिकीर नसते, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु या यशातून एक अविवेकही जन्माला आला. फळी खोलवर जाते म्हणून नौका स्थिर असते, अशी समजूत धनिक हौशी मंडळींत रुजली. वस्तुतः लाकडाची फळी नौकेला आडवे वाहवू देत नाही एवढेच. उलटण्यापासून वाचविते ते तळातील वजन. न्यूयॉर्कच्या यॉट क्लबचे उपनौप्रमुख विल्यम गार्नर यांची 'मोहॉक' ही सुमारे १४० फूट लांबीची प्रचंड विलासनौका अशा रुंद व उथळ बांधणीची होती. फळी वर घेतली असता तिला ६ फूट पाणी पुरे. खाली सोडली की खोली सुमारे ३० फूट. २० जुलै १८७६ रोजी स्टेटन आयलंडजवळ शिडे उभारून, शिडांचे दोर घट्ट बांधून, नांगर उचलण्याची तयारी चालली असता वाऱ्याचा एक झपाटा आला आणि नौका उभ्या जागी कलंडली. आतील सुटे लोखंडी वजन व सामानसुमान एका बाजूला घसरले. गार्नर, त्यांची पत्नी व आणखी काही माणसे बुडाली. उथळ बांधणीच्या विरोधकांना यामुळे जोर चढला व वर्तमानपत्रांतून पुढे कित्येक वर्षे कडाक्याचा वाद चालला. असे असूनही १८८५ साली 'प्युरिटन', १८८६ साली 'मेफ्लॉवर' व १८८७ साली 'व्हॉलंटिअर' या एडवर्ड बर्जेस याने आखलेल्या तिन्ही नौकांनी अमेरिका चषक राखला तो फळीच्याच साहाय्याने. मात्र त्यांच्या तळाशी शिशाचे वजन होते. दोन्ही पक्षांचे खरे ते एकत्र आणणारा मनुष्य वादात भाग घेणाऱ्यांहून अधिक उपयोगी पडला, असे म्हणावे लागते. 'मोहॉक' पुढे वर काढण्यात आली आणि 'ईगर' या नावाने अमेरिकन सरकारच्या किनारा-सर्वेक्षण खात्यात तिने नोकरी केली.

आता थोडे दुरुस्तीविषयी. नौकेतील इतर वस्तू डोळ्यांसमोर असतात. शीड फाटले तर दिसते, डोलकाठी तडकली तर दिसते. फळी, तिची खीळ आणि पेटीचा आतला भाग मात्र ज्या जागी सर्वाधिक ताण पडतो, त्याच जागी दृष्टीआड असतो. जाणता नौकावान म्हणून वर्षातून एकदा तरी नौका कोरडीवर घेऊन खीळ काढून पाहतो. खीळ झिजून मधोमध बारीक झालेली असते. फळीतील भोक गोल न राहता लांबट होते व मग फळी प्रत्येक लाटेबरोबर पेटीवर ठकठक आपटते. या आवाजाकडे दुर्लक्ष केले की काही दिवसांनी पेटीच्या बुडाचा सांधा पाझरू लागतो. भोकात धातूची नळी बसवून नवी खीळ घालणे हा बरा उपाय. मात्र खीळ एका धातूची, फळी दुसऱ्या धातूची आणि मध्ये खारे पाणी असे झाले, की त्यांची जणू विजेची बॅटरीच तयार होते व दोहोंपैकी दुर्बल धातू खंगत जातो. पितळेची खीळ लोखंडी पत्र्यात घालून काटकसर करणाऱ्याला ती महागात पडते.

दोराचे दुखणे निराळे. तारेचा दोर कप्पीवरून जेथे वळतो आणि जेथे फळीला जोडलेला असतो, तेथेच तो प्रथम झिजतो. एखादा तंतू तुटून वर उभा राहिला, की बाकीच्यांची मुदत भरत आली असे समजावे. कापडाने दोर पुसला असता कापड अडकले तर तो बदलणेच शहाणपणाचे. तागाचा वा काथ्याचा दोर कुजतो, साखळी गंजते. निर्दोष असे काहीच नाही. लाकडी फळी पाण्याने फुगते, म्हणून पेटीत दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी लागते. सुताराने कोरड्या दिवसांत अगदी चपखल बसवून दिलेली फळी आठवड्याभरात जाम होते, व मालक सुताराला नावे ठेवतो. लाकूड तरंगते, तेव्हा फळी आपोआप खाली जावी म्हणून तिच्या खालच्या कडेत शिसे ओततात. रेताड किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेच्या फटीत वाळू, खडे, शिंपले शिरून बसतात. अशा वेळी वरून हातोडा घालणे हे अडाणीपणाचे. नौका एका कुशीवर कलती करून खालून, फटीच्या तोंडातूनच, पातळ पट्टीने खडा काढावा लागतो. आणि फळी खाली सोडताना दोर हातातून भरधाव सुटू देऊ नये. तो एकच धक्का पेटी फोडावयास पुरतो.

हे सर्व सांभाळूनही भर समुद्रात दोर तुटतोच. विशेषतः फळी लोखंडी असली तर ती खाली लोंबत राहते, वर ओढावयास काही उरत नाही, आणि समोर बंदराच्या तोंडाशी उथळ पाणी असते. अनुभवी खलाशी अशा वेळी पेटीत डोकावत बसत नाही. तो एक लांब दोर घेतो, नाळेवरून त्याचा वेढा पाण्यात सोडतो आणि दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा करून, तो दोर तळाखालून मागे मागे नेऊ लागतो. वेढा फळीच्या पुढच्या कडेला अडकतो. त्याला कडेवरून फळीच्या टोकाकडे उतरू द्यावे लागते, आणि मग दोन्ही बाजूंनी एकदम मागे व वर ओढावयाचे. फळी कुरकुरत, इंचाइंचाने पेटीत शिरते. दोराची दोन्ही टोके डेकवर आवळून बांधली, की नौका भरतीच्या पाण्याबरोबर आत यावयास मोकळी होते.